दारावरचा कागद

एन्योनाम बाईंनी तलावाकाठच्या क्पांदो गावातल्या सरकारी शाळेत एकतीस वर्षं बालवर्ग सांभाळला. सुरुवातीची काही वर्षं त्यांनीही सगळ्यांसारखंच शिकवलं. फळ्यावर एबीसी, हातात छडी आणि चाळीस चिमुरडी तोंडं एका सुरात. मग जिल्ह्याच्या गावी एका प्रशिक्षणाला गेल्या, तिथून परतल्या आणि छडी चुलीत घातली. घरच्यांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. शाळेतल्या लोकांनाही तसंच वाटलं.

तेव्हापासून त्यांच्या वर्गात वाळूची घमेली आली, बाटल्यांची बुचं आली, कुंभारणींकडून मागून आणलेली माती आली. मुलं बुचं मोजायची, मातीचे मासे करायची, आपल्या एवे भाषेत गोष्टी सांगायची. अक्षरं यायची, पण मागून, सावकाश. पालक कुरकुरायचे. "मातीत तर ते आमच्या दारातही लोळतं. त्याला शाळा कशाला?" एकेकाला समजावता समजावता बाईंचा घसा बसायचा. शेवटी त्यांनी दोन रविवार खर्चून एक मोठा कागद लिहिला. वर एवेत, खाली इंग्रजीत. मूल खाऊन-पिऊन साडेसातला आणा आणि दारात माझ्या हाती द्या. पहिल्या वर्षी गृहपाठ नाही. "आज काय लिहिलंस?" असं विचारू नका, "कुणाबरोबर खेळलीस?" असं विचारा. कपडे मळले तर रागावू नका. इथे कुणाला मारत नाहीत, तेव्हा घरी माझ्या नावाची भीती घालू नका. असं बरंच काही होतं त्यात. प्लास्टिक लावून तो त्यांनी वर्गाच्या दारावर ठोकला. त्या कागदाचा त्यांना मोठा अभिमान होता.

त्या वर्षी सित्सोफे आली. चार वर्षांची, बारीक मानेची. दोन वर्षांपूर्वी तिची आई दुसऱ्या बाळंतपणानंतर आठवड्याभरात गेली, बाळही वाचलं नाही. बाप आग्बेको सुतार होता, तलावावरच्या होड्या दुरुस्त करायचा. रोज लेकीला खांद्यावर बसवून आणायचा, दारात उतरवायचा आणि ती आत जाऊन बसेपर्यंत हलायचा नाही. पोरगी बोलत नव्हती. घरी बापाशी कुजबुजायची तेवढंच. परक्यांसमोर तोंडातून शब्द नाही. बाईंनी घाई केली नाही. तिला वाळूच्या घमेल्याशी बसवायच्या, शेजारी आपणही बसायच्या. अकरा आठवडे असेच गेले.

बाराव्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी एक मुलगा डब्यात वाळू भरत होता. भरला म्हणून त्याने हात झटकले. सित्सोफे डब्यात डोकावून म्हणाली, "अजून भरला नाही." मग आणखी दोन ओंजळी वाळू घालून म्हणाली, "आता भरला." बाईंनी मान वर केली नाही, तिला बुजवायचं नव्हतं.  सुटताना आग्बेकोला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुपारी दाराशी आयांची गर्दी झाली. आठवडाभर तेच ते ऐकून बाईंचं डोकं उठलं होतं. कुणाला गृहपाठ हवा होता, कुणाला छडी. शेवटी आग्बेको पुढे आला. हातात नवी वही होती. वर्ग सुरू झाला तेव्हा त्यानेच दिलेली, अजून कोरी.

"बाई, यात एक रेघसुद्धा नाही."

"एफो आग्बेको," बाई म्हणाल्या. एफो म्हणजे दादा, पण आवाजात दादापणा नव्हता. "सगळं दारावर लिहून ठेवलंय. तुम्ही वाचत का नाही? मी ते लिहिलं कुणासाठी?"

मागून एक बाई म्हणाली, "त्याला करवत चालवता येते हो, कागद नाही."

सगळ्या हसल्या. आणि एन्योनाम बाईंनाही हसू आलं. आलं म्हणजे अगदी ओठांवर आलं, सगळ्यांना दिसेल असं.

आग्बेको कागदापुढे उभा राहिला. ओळीवरून नजर फिरवावी तशी त्याने ती कागदावरून फिरवली. खाली येऊन थांबली. "बरं, बाई," म्हणाला, वहीची गुंडाळी करून खिशात घातली आणि लेकीला उचलून गेला. सांगायचं ते राहूनच गेलं. सोमवारी सांगू, असं बाईंच्या मनात आलं.

सोमवारी सित्सोफे आली नाही. मंगळवारी नाही. ताप असेल, असं बाई स्वतःला सांगत राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या तलावाकाठी गेल्या. तिथे आग्बेकोची बहीण देलाली मासे धुरावर वाळवायची.

"तिला वरच्या रस्त्यावरच्या नव्या शाळेत घातलीय," देलाली म्हणाली. "खासगी, टायवाली. पहिल्या आठवड्यातच लिहायला लावतात."

"माझ्यावर रागावून?"

देलालीने जाळीवरचे मासे उलटले.  मग म्हणाली, "दावी," दावी म्हणजे ताई, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं. वहिनीला दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा एक कागद दिला होता. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी परत या, असं लिहिलेला. यानं तो घडी घालून गादीखाली जपून ठेवला, दवाखान्याचा कागद म्हणून. तिचं डोकं चार दिवस दुखत होतं. हा कपाळावर ओली फडकी ठेवत होता. ती गेल्यावर नर्सनं त्याला तो वाचून दाखवला." ती थांबली. "पोरीच्या हातात कागद यावा आणि तिला तो वाचता येऊ नये, एवढीच त्याला भीती. म्हणून तो रोज वही उघडून बघायचा."

बाई तिथेच उलट्या टोपलीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आग्बेकोच्या कामाच्या छपराखाली गेल्या. त्याने आधी त्यांना प्यायला पाणी दिलं, बसायला लाकडी ठोकळा दिला, मग आपण समोर उभा राहून लाकडावर रंधा फिरवू लागला.

"मी त्या दिवशी चुकले, एफो. चारचौघांत बोलले. हसलेसुद्धा."

"जे होतं तेच बोललात. वाचता येत नाही मला."

"तिला परत आणा. ती बोलायला लागली होती."

रंधा त्याच्या हातातच थांबला. "कुठे?"

"वर्गात. त्याच शुक्रवारी सकाळी. 'अजून भरला नाही' म्हणाली. तुम्हाला सांगायचं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?" आवाज चढला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याने फळीवरून एक वही काढली. तीच ती. आता पानं भरली होती, शेवटी लाल खुणा. "एचपर्यंत येतं तिला," तो म्हणाला.

"तिथे बोलते का?"

त्याने वही पुन्हा जागेवर ठेवली. "बाई, तुमच्याकडे आणायचं म्हणजे मला रोज त्या दारात उभं राहावं लागेल. ते माझ्याच्यानं होणार नाही."

बाई उठल्या. काय बोलायचं ते त्यांना सुचलं नाही, आणि नंतर कितीतरी दिवस सुचत राहिलं. 'मी कागद काढते', 'मी दाराबाहेर येऊन तिला घेते', 'तुम्ही येऊ नका, देलालीला पाठवा'. त्या वेळी मात्र त्या नुसत्या उठल्या आणि निघाल्या.

डिसेंबरात बाजाराच्या दिवशी सित्सोफे दिसली, आत्याबरोबर, गणवेशात. बाईंनी नावानं हाक मारली आणि खाली वाकल्या. पोरीने त्यांच्याकडे पाहिलं, दप्तर जमिनीवर ठेवलं, दोन्ही तळवे वर करून पुढे धरले आणि डोळे मिटून घेतले.

"टीचर दिसली की असंच करते," देलाली हळू आवाजात म्हणाली. "आता घरीही बोलत नाही. दादाला कळतंय सगळं. त्या शाळेतले म्हणतात, होईल सवय."

बाईंनी ते छोटे तळवे आपल्या हातांत घेतले. पोरगी डोळे उघडेना. मार अजून यायचा आहे, असं तिला वाटत असावं. शेवटी बाईंनीच हात सोडले.

त्या रविवारी त्या एकट्याच शाळेत गेल्या आणि कागद काढला. खिळे गंजले होते, प्लास्टिक फाटलं. पुढच्या सत्रापासून प्रत्येक पालकाला त्यांनी एकेक सकाळ वर्गात बोलावलं. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं, हातात बुचं दिली, तोंडानं सगळं सांगितलं, आणि उठण्याआधी विचारलं, "मला तुमच्याबद्दल काय माहीत असायला हवं?" पुष्कळ जण गोंधळायचे. काही जण रडायचे. तपासायला आलेल्या साहेबांनी वाखाणणी केली, ही युक्ती कुठून सुचली म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "सुचली अशीच."

आग्बेको पुढच्याच वर्षी तलावापलीकडे, उत्तरेला दांबईला होड्यांच्या कामाला गेला. लेकीला घेऊन गेला. सहा वर्षांनी बाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाला गाव लोटला होता. देलालीही अक्प्ले, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि भेंडीचा रस्सा घेऊन आली. बाईंनी तिला बाजूला नेऊन विचारलं.

"बरी आहे," देलाली म्हणाली. "वर्गात पहिली येते. अक्षर मोत्यासारखं आहे. गल्लीतले सगळे आपले कागद तिच्याकडे आणतात."

"मोठ्यानं वाचते?"

"नाही. वाचते आणि दादाच्या कानात सांगते. मग तो लोकांना सांगतो."

बाईंनी हातातलं ताट तसंच बाजूला ठेवलं. त्या वर्षी त्यांनी दोनदा पत्र लिहायला घेतलं. पण वाचणार पोरगी, आणि ऐकणार बाप. दोघांनाही पुरेल असा शब्द त्यांना सापडला नाही. होडीनं एकदा जाऊनच यावं, असं त्या अजूनही म्हणतात. गुडघे दुखतात, असंही म्हणतात.