चट्ट्याचा दुसरा तुकडा

तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढायचा होता, त्या सकाळी मी चट्ट्याला मलम चोळून गेलो. तीन आठवडे तिथं काहीही लावायचं नाही, असं जळगावच्या कातडीच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. पण पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण अंगण झाडतो ना, तसं मला वाटलं, बाईंसमोर चट्टा जरा बरा दिसावा.

कमरेवरचा तो तांबूस, कोंडा सुटणारा चट्टा मी तीन वर्षं केळीच्या चिकावर ढकलला होता. आमच्याकडे घड कापणाऱ्याच्या अंगावर काहीही उठलं की दोष चिकाचा, आणि औषध मेडिकलमधली ठरलेली ट्यूब. ती लावली की चट्टा दबायचा, महिन्याभरानं शेजारी आणखी एक घेऊन यायचा.

अहवालात काहीच नक्की निघालं नाही. बाईंनी विचारलं, "काही लावलं होतं का?"

मी पंख्याकडे बघत राहिलो. त्यातच त्यांना उत्तर मिळालं.

मग त्यांनी न रागावता समजावलं. शंका लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची होती. एक प्रकार कातडीतच उगवतो आणि बहुतेक वेळा वर्षानुवर्षं तिथंच रेंगाळतो. दुसरा आत गाठींमध्ये सुरू होऊन कातडीवर येतो. दोन्हींचे उपचार वेगळे. मलमानं पेशी दबल्या की ओळख पटणं अवघड होतं. म्हणून तीन आठवडे काही न लावता पुन्हा तुकडा काढायचं ठरलं.

घरी मी सगळं सांगितलं, फक्त मलमाचं गाळलं. बायकोनं चेपलेली ट्यूब पाहून तेही ओळखलं. ती तिनं कुठं नेऊन टाकली, मला आजवर माहीत नाही. तीन आठवडे मी नुसता खाजवत बसलो. धुळ्याला दिलेली माझी थोरली बहीण, अक्का, रोज फोनवर विचारायची, "कसं शे आता?" आणि मी पावसापाण्याचं बोलायचो.

दुसऱ्या वेळी दोन ठिकाणचे तुकडे घेतले, त्यांना खास रंग देऊन तपासलं, शिवाय रक्त आणि स्कॅन. निकालाच्या दिवशी बायको बाहेर बाकावरच बसली. आत यायचा तिला धीर होईना.

"कातडीतलाच आहे," बाई म्हणाल्या. "टी नावाच्या पांढऱ्या पेशींचा, संथ चालणारा, सुरुवातीचा. आत गाठी नाहीत."

मी तेच तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा सांगितलं. प्रकाशकिरणांचे उपचार घ्यायचे, तपासणी चुकवायची नाही, एवढंच.

बाहेर येऊन मी बायकोला सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले, फाईल माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "पुढच्या खेपेपासून मी आत येणार. बाईंनी काही विचारलं तर तुम्ही गप्प बसायचं."