सगळ्यांचं घर पारावर

सर्वेक्षण निघालं की सगळ्यांना शाळेतली बाई आठवते. माणसं मोजायची बाईनं, मतदार मोजायचे बाईनं, शौचालयं मोजायची तीही बाईनंच. उरलेल्या वेळात मुलांना पाढे शिकवायचे. त्यामुळे नाशिकला चिकटलेल्या आमच्या गावाच्या नगरपंचायतीनं डिजिटल नकाशा करायचा ठरवला, तेव्हा ड्यूटी कुणाच्या गळ्यात पडणार हे मला शिपायानं सांगायची गरज नव्हती.

पण खरं सांगते, या वेळी मला काम आवडलं होतं. ट्रेनिंगला आलेल्या साहेबांनी आमचं गाव भिंतीवर दाखवलं. म्हणाले, प्रत्येक घर नकाशावर आलं की रस्त्यावर दिवा कुठे नाही, घंटागाडी कुठे पोचत नाही, आजारी माणूस कुठल्या घरात आहे, सगळं ऑफिसात बसून दिसेल. मला पटलं. आमच्याकडे घरं ओळीनं नाहीत. झेंडूचा मळा, पुढे कोथिंबिरीचा, पुढे द्राक्षबाग, आणि प्रत्येक मळ्यात एकेक घर. 'चिंचेवरून खाली उतरा' असल्या पत्त्यावर ॲम्ब्युलन्सवाला कसा भटकतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर मी हिंडले. बांधाबांधानं, उन्हात, कुत्री अंगावर घेत. मळ्यात मोबाइलला रेंज नाही, म्हणून प्रत्येक घराची माहिती वहीत लिहून घेतली. रेंज येते ती गावात, शाळेसमोरच्या पारावर. रोज संध्याकाळी तिथे बसायचं, एकेक घर ॲपमध्ये भरायचं आणि सबमिट दाबायचं. सबमिट दाबताना आपण जिथे असू तिथेच ते ॲप घराची खूण करतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सगळ्या मळ्यांतली सगळी घरं मी अशी उचलून पारावर आणून ठेवली. वर काम वेळेत संपवलं म्हणून माझं कौतुक झालं, कपाळ माझं!

घोळ कळला तो मोटारवाल्या दादांमुळे. गावातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी याच माणसानं काढल्या आणि बसवल्या. दोर धरून सरसर खाली उतरायचे आणि वर आले की असा रुबाब, जसं काही विहीर यांच्याच मालकीची. सर्वेक्षणाच्या थोडं आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी वहिनींना बजावलं होतं, पहिल्या सहा महिन्यांत व्यायाम झाला तर चालतील, पुढे अवघड आहे. नगरपंचायतीची योजना होती, अंथरुणावरच्या पेशंटच्या घरी फिजिओथेरपिस्ट येणार, तोही फुकट. माझ्याच सर्वेक्षणातून दादांचं नाव लागलं. मी मिरवत मळ्यात जाऊन सांगून आले.

फिजिओथेरपिस्ट आला आणि पारावरून मला फोन. "मॅडम, पेशंटचं घर कुठंय? नकाशा तर इथंच दाखवतोय."

मी धावत गेले. म्हटलं, चला, मळा दीड किलोमीटरवर आहे, मी दाखवते. तो हलेना. भेट सुरू केल्याची आणि संपल्याची नोंद खुणेपाशीच होते, मध्ये लांब गेलं की भेट रद्द. "मागं एकदा असाच गेलो, मॅडम. गैरहजेरी लागली." त्याचा काय दोष? तरी मी त्याला बोलायचं ते बोललेच.

मग नगरपंचायत. ऑपरेटर म्हणाला, सर्व्हे क्लोज झाला, आता लोकेशन बदलता येत नाही. अहो, खूण उचलायची आणि मळ्यात ठेवायची, दोन मिनिटांचं काम! "वरून ओपन करावं लागेल." वर म्हणजे नाशिकला. नाशिकला गेले. तिथे म्हणाले, अर्ज खालून यायला हवा. खाली अर्ज दिला, तर साहेब मीटिंगला. चौथ्या खेपेला ऑपरेटरनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. "लोकेशन तुमच्याच मोबाइलवरून गेलंय, मॅडम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक माझी, कबूल! लिहून देते, हवं तर अंगठाही देते! पण माझ्या चुकीपायी त्या माणसाचा पाय का अडवता? तर ऑपरेटर म्हणे, "टेन्शन नका घेऊ." आमची लसीकरणाची सिस्टर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं काढलेला नकाशा वापरते. कुणी घर बदललं की खोडते आणि नवीन काढते. एवढी साधी सोय त्या महागड्या नकाशात कुणी ठेवली नाही.

वहिनी शाळेच्या फाटकाशी येऊन विचारायच्या, "बाई, झालं का वो?" मी म्हणायचे, दोन दिवसांत होईल. दोन दिवस, दोन दिवस करत दोन महिने गेले.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत गलका ऐकून बाहेर आले. पारावर बाज टाकलेली, बाजेवर दादा. भाजीच्या टेम्पोतून आणलं होतं. लुंगी मांडीपर्यंत वर सारलेली आणि फिजिओथेरपिस्ट त्यांचा वाळलेला पाय दुमडत होता. भोवती सगळं गाव उभं. ज्यांच्या विहिरीत दादा उतरले होते, तेही. एकानं मोबाइल काढलेला. दादांनी डावा हात डोळ्यांवर आडवा धरला होता.

मी वहिनींना बाजूला ओढलं. "असं उघड्यावर? मला सांगायचं तरी!"

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "बाई, डॉक्टरचे सहा महिने संपत आले. तुमच्या नकाशात आमचं घर हितंच हाय ना? मंग आणलं त्यांना घरी."

व्यायाम संपला. फिजिओथेरपिस्टनं फोटो घेतला, बटण दाबलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. हिरव्या अक्षरांत आलं होतं, गृहभेट पूर्ण. चौघांनी बाज उचलून टेम्पोत चढवली, तरी दादांनी डोळ्यांवरचा हात काढला नाही.