पत्र्याखालचा वारा

सगळे त्यांना धुराडेकाका म्हणत. बेकऱ्या, हॉटेलं, लोहाराच्या भट्ट्या, जिथे धूर तिथे काकांनी पत्रा वाकवून धुराडं उभं केलेलं. आपल्या धुराड्याने कधी खोलीत धूर सोडला नाही, हे सांगताना त्यांची मान आपोआप ताठ व्हायची आणि ऐकणाऱ्याचं काम खोळंबायचं.

स्वतःच्या घरी मात्र या माणसाने हात टेकले होते. काकूंना दमा. माडीवरच्या खोलीला छप्पर पत्र्याचं, खिडकी एकच, तीही कोंदट बोळात उघडणारी. दुपारी पत्रा तापला की काकू उशीला टेकून बसत आणि एकेक श्वास ओढत. पंखा तीच गरम हवा गरागरा फिरवत राही. डॉक्टरांनी साफ सांगितलं, यांना इथे ठेवू नका. रविवारी लेक गाडी घेऊन येणार होती, आईला कायमची न्यायला. तिच्या घरात आणखी एकाच माणसापुरती जागा होती. लग्न झाल्यापासून काका-काकू कधी वेगळे राहिले नव्हते. या वयात काकांना भांडायला दुसरं कोण मिळणार होतं?

छपरावर बसून काका तापल्या पत्र्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. भट्टीलासुद्धा एवढी धग नसते, असं पुटपुटले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धग आहे, तर धुराडं का नको? धूर नसला म्हणून काय बिघडलं?

त्यांनी उंच धुराडं वळलं, काळा रंग फासला आणि छपराला भोक पाडून घट्ट बसवलं. मग जन्माच्या सवयीने खिडकी, दार, भिंतीतल्या फटी, सगळं गच्च बंद केलं. फट राहिली की धुराड्याची ओढ गेली, हा त्यांचा धंद्यातला नियम. धुराड्याखाली एक दोरा धरला. दोरा ढिम्म हलला नाही.

"कुठे चुकलं गं?" काकांनी डोकं खाजवत विचारलं.

"अहो, मला विचारा ना," काकू धापा टाकत हसल्या. "श्वास नुसता बाहेर जातो होय? आत यायला वाट नको?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. प्रत्येक भट्टीला हवा आत यायला खाली तोंड असायचंच. पण ते बांधायचा गवंडी, म्हणून यांनी त्या तोंडाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

मागच्या भिंतीपलीकडे दिवसभर सावली असे. काकांनी त्या भिंतीत, खोलीच्या जमिनीलगत छिन्नी चालवली. विटा निघाल्यावर धुराड्याखाली पुन्हा दोरा धरला आणि तो सरळ वर उठला.

ते धावत छपरावर गेले. धुराड्याच्या तोंडावर धरलेल्या हाताला गरम हवेचा लोट लागला. खाली विस्तव नाही, लाकूड नाही, नुसतं ऊन! तापलेली हवा फुगून हलकी होत होती, वर निघून जात होती. खोलीतला दाब किंचित उतरत होता आणि सावलीतली जड, गार हवा खालून आत घुसत होती. जन्मभर ते समजत आले की धुराडं ओढतं. धुराड्याने कधी काही ओढलंच नव्हतं, ढकलत होती ती खालची जड हवा.

त्यांनी मान वर केली. दूरची झाडं डोलत होती, रस्त्यावरची धूळ उठत होती, एक ढग सावकाश सरकत होता. म्हणजे तिकडेही हेच! कुठेतरी जमीन तापली असेल, हवा हलकी होऊन वर गेली असेल आणि तिची जागा भरायला कुठलीतरी जड हवा धावत सुटली असेल. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर, रोज, कुणी हात न लावता. काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. उन्हाला आजवर दिलेल्या शिव्या आठवून त्यांना अगदी ओशाळल्यासारखं झालं.

रविवारी भर दुपारी लेक आली. काकूंची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. काकू आडव्या होऊन झोपल्या होत्या. लेकीने आईच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग वर पत्र्याकडे पाहिलं.

काकूंनी डोळे उघडले. "आलीस? पायांवर चादर टाक गं जरा. गार लागतंय."

चादर पिशवीत अगदी तळाशी होती. लेकीने एकेक कपडा बाहेर काढायला घेतला.