अर्धं धुतलेलं विमान

लग्न ठरलं तेव्हा बाबांनी आईला शब्द दिला होता, "एकदा तुला माझ्या विमानात बसवतो." बाबा वायुदलात. जुन्या डाकोटा विमानात सामान चढवायचं, बांधायचं आणि तोल सांभाळायचा, हे त्यांचं काम. आता लष्कराच्या मालवाहू विमानात बायकोला कोण बसवू देणार? मग काय, घोलवडच्या आमच्या चिकूच्या वाडीत भांडण पेटलं की आईचा हुकमी एक्का ठरलेला: "बसले हो तुमच्या विमानात!" की बाबा चपला घालून झाडांकडे चालते. मला फार वाईट वाटायचं त्यांचं.

मी चिकूच्या खोक्यांची लेबलं कॉम्प्युटरवर बनवते. गेल्या वर्षी हौसेने विमान उडवायचा खेळ घेतला, फ्लाइट सिम्युलेटर. त्यात चक्क डाकोटा! पण अंगावर परदेशी कंपनीचे लाल पट्टे. बाबांनी नाक मुरडलं, "हे काय, बँडवाला?" म्हटलं थांबा, विमानाचा रंग म्हणजेही शेवटी सपाट पसरलेलं चित्रच, आपण नवं रंगवू आणि चढवू.

चंदेरी अंग झालं, वायुदलाच्या तिरंगी चकत्या झाल्या. बाबा म्हणाले, "इंजिनामागे काजळी हवी. तेलाचे ओघळ हवेत." आई उसळली, "इतक्या वर्षांनी नेताय, तेही घाणेरड्या विमानातून? आधी धुवा ते!" दोघंही हटेनात. शेवटी डावी बाजू काळी केली, उजवी लखलखीत. बाबा डावीकडे बसणार, आई उजवीकडे. ज्याची त्याची खिडकी, ज्याचं त्याचं विमान!

उड्डाणाच्या दिवशी आई रेशमी साडी नेसून, गजरा माळून, डब्यात पुऱ्या घेऊन कॉम्प्युटरसमोर. बाबा तर उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! दमणहून उडायचं ठरलं. मी विचारलं, सामान किती, कुठे ठेवू? आई म्हणाली, "चिकू भर. सगळे मागच्या दाराशी, उतरवायला बरे." टेम्पो असाच भरतात आमच्याकडे. भरले. आयुष्यभर विमानाचा तोल सांभाळलेला माणूस शेजारी बसलेला, पण त्याचं लक्ष गजऱ्याकडे!

विमान उठलं ते नाक आभाळाकडे करूनच. बाबा ओरडले, "अगं, शेपूट जड झालं!" आई किंचाळली, "अहो, धरा!" आणि धरला तो बाबांचा विमान चालवणारा हात. कोण उडवणार? धप्पकन समुद्रात. आई अशी हसत सुटली की पुरीचा ठसका लागला. पाणी प्यायली, डोळे पुसले, म्हणाली, "चिकू पुढे घ्या. परत!"

दुसऱ्यांदा छान उडालो. खाली किनारा, झाडांचे ठिपके. आईने विचारलं, "अहो, आपलं घर कुठलं?"

त्या खेळात आमचं घर नाहीच. नुसती झाडं आणि कुठलीतरी छपरं. मी आदल्या दिवशीच शोधून पाहिलं होतं, दोघांना सांगितलंही होतं. बाबा पडद्याकडे झुकले. मग एका छपरावर बोट ठेवून म्हणाले, "ते बघ. तेच."

आईने चष्मा सारखा केला, पडद्याला नाक लावलं. "हो की! माझी साडीसुद्धा वाळतेय," म्हणाली, आणि डब्यातली पुरी बाबांच्या हातावर ठेवली.

तो एक्का आईने त्यानंतर एकदाही काढलेला नाही.