अर्ध्या तासाचा नियम

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडे बघणारा माणूस रविवारी तोफ उडवतो, हे ऐकून लोक हसतात. तोफ म्हणजे केवढी, तर वरवंट्याएवढी. लेथवर मीच केलेली, पण पोलिसांचं सर्टिफिकेट काढून. खडी उपसून झालेल्या एका खाणीत तळं झालंय, त्याच्या काठावर आम्ही चार-पाच छंदिष्ट जमतो. पाण्यावर कोणी नाही ना, हे दुर्बिणीतून बघायचं, मगच बत्ती. गोळा पडला की पाणी उंच उसळतं. एवढंच सुख.

नवीन पाहुणा आला की मी त्याला नियमांचा कागद वाचून दाखवतो. दोरीच्या मागे उभं राहायचं. बार उडाला नाही, तर अर्धा तास कोणीही पुढे जायचं नाही. या बाबतीत मी पक्का खडूस आहे. एका रविवारी नौदलातून रिटायर झालेले एक गोरे आजोबा आले, त्यांनाही मी सोडलं नाही.

त्याच दिवशी बाबा बरोबर होते. वय त्र्याहत्तर, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांना मात्र काही वाचून दाखवलं नाही. ज्यांनी माझ्या हातात पहिली फुलबाजी दिली, त्यांना मी काय सूचना देणार? जीभच रेटेना.

तिसरा बार उडाला नाही. "फुसका दिसतो," म्हणत बाबा दोरीखालून वाकून निघालेसुद्धा. दिवाळीत न फुटलेला बॉम्ब बघायला ते असेच जायचे.

"बाबा, थांबा!"

"अरे, काही होत नाही."

मी धावलो आणि त्यांना जोरात बाजूला ढकललं. ते उजव्या हातावर पडले. उचलून त्यांना दोरीमागे आणलं.

अर्धा तास बाबा गवतात बसून राहिले, मनगट मांडीवर धरून. मी चारदा विचारलं, तरी हॉस्पिटलला निघेनात. बार उडालाच नाही. शेवटी दारू भिजावी म्हणून आम्ही नळीत पाणी ओतलं. म्हणजे ढकललं ते उगाचच, असं कोणीही म्हणेल. मीही कधीकधी म्हणतो.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, कसं झालं? बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आय स्लिप्ड." खरं सांगितलं तर चौकशी लागेल, सर्टिफिकेट जाईल, कदाचित व्हिसाचंही काही होईल, हे त्यांनी ओळखलं होतं. मला भयंकर लाज वाटली. तरी ते खोटं मी तसंच राहू दिलं.

परतताना गाडीत ते म्हणाले, "त्या गोऱ्या आजोबांना कागद वाचून दाखवलास."

"हो."

"मग मला का नाही रे?"

"तुम्हाला कसं सांगणार, बाबा?"

प्लास्टरमधला हात त्यांनी छातीशी धरला.

"सांगायचं रे," ते म्हणाले. "मी थांबलो असतो."