हिरवी झालेली रांग

टाळेबंदीत शाळा मोबाईलमध्ये गेल्या, तेव्हा मी केंद्रप्रमुख होतो. म्हणजे दहा सरकारी शाळांवर लक्ष ठेवणारा माणूस. हे लक्ष मी कोपर स्टेशनजवळच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ठेवायचो. माईक चालू करायला मला लेक लागायची, आणि शिक्षकांना मी बजावायचो की तंत्रस्नेही व्हा.

किती मुलं ऑनलाइन जोडली गेली, ते प्रत्येक शाळेनं रोज पाच वाजता भरायचं. आकडा निम्म्याखाली गेला की तक्त्यात त्या शाळेची रांग लाल व्हायची. माझ्या नऊ रांगा हिरव्या आणि एक लाल. ती शीळफाट्यापलीकडच्या, दगडखाणीवरच्या मुलांच्या शाळेची. तिथल्या बाई रोज अडतीसपैकी सात लिहायच्या.

वरून फोन आला, तुमच्याकडे काय चाललंय? तो मी तसाच बाईंकडे ढकलला. मेसेज पोचला की मूल जोडलं गेलं असं धरा, म्हटलं. त्या म्हणाल्या, फोन बापाच्या खिशात असतो आणि बाप खाणीवर.

"अहो बाई, खिसा संध्याकाळी घरीच येतो ना?"

हे वाक्य मी जेवताना घरात ऐकवलं. लेक हसली. बायको हसली नाही. तिला माझे विनोद उशिरा कळतात, अशी मी समजूत करून घेतली.

दुसऱ्या दिवशी छत्तीस. बैठकीत माझं कौतुक झालं. माझा माईक बंद होता, त्यामुळे मी मानलेले आभार कुणाला ऐकूच गेले नाहीत.

दोन महिन्यांनी, न जोडल्या गेलेल्या मुलांसाठी टॅब आले. यादी अर्थात त्याच तक्त्यातल्या लाल रांगांवरून निघाली. खाणीवरच्या शाळेला एकही नाही.

बाई सातवीतल्या एका मुलीला आणि तिच्या आईला घेऊन ऑफिसात आल्या. मुलीनं वही आणलेली. शेजाऱ्याच्या फोनवरून उतरवलेली गणितं, बहुतेक अर्धवट. तेवढ्यात शेजारी फोन परत मागायचा. टॅब नाय मिळाला तर हिला मी कामावर नेणार, आई म्हणाली. घरी नुसती बसवून कशी ठेवू, साहेब?

मी वर विचारलं. आकडे दुरुस्त करू, म्हणाले, पण खोटे कुणी भरले आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते लेखी द्या. भरलेले बाईंच्या लॉगिनवरून. सांगितलेले मी, फोनवर.

बाईंनी पत्र लिहिलं. आकडे मी भरले, एवढंच. त्यात माझा उल्लेख नव्हता. खाली माझा शेरा हवा होता. पत्र मी आठवडाभर ड्रॉवरमध्ये ठेवलं. घरी जेवताना त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटी 'माहितीसाठी सादर' असं लिहिलं आणि सही केली. बाईंना नोटीस आली. यादी तोवर बंद झालेली.

शाळा उघडल्यावर मी तपासणीला गेलो. ती मुलगी वर्गात नव्हती. आईबरोबर एका ढाब्यावर भांडी घासते, बाई म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं.

मग हजेरीत काय दाखवताय, मी विचारलं. सवयीनं.

बाईंनी हजेरीपत्रक माझ्यासमोर उघडून ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही सांगाल तसं लिहिते, सर."