कापलेले केस कुणाचे?

इथं परदेशात, आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला सगळे अद्वैतकाका म्हणतात. हे नाव मी ठेवलं आणि ते त्यांना इतकं आवडलं की माझी चेष्टा फुकट गेली. अद्वैत म्हणजे देव आणि आपण दोन नाही, एकच. यापलीकडे मला काही विचारू नका. मी हिंदू आहे तो जन्मानं, अभ्यासानं नाही. काका जन्मानं ख्रिस्ती, पक्के पाश्चात्त्य, उन्हात दोन पावलं चालले तरी नाक लाल होणारे. वेदान्तावर बोलायला लागले की कानही लाल होतात.

माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे. डोक्यावर फारसं काही उरलेलं नसलं तरी मी त्यांच्याकडे नेमानं जातो, दाढी करून घ्यायला. पहिल्याच खेपेला त्यांनी माझ्या टकलावरून हात फिरवून सांगितलं की तुझे केस तुझ्याआधी मोक्षाला निघालेत. मग त्यांनी मला मोक्षाचे प्रकार विचारले. मला एकही सांगता येईना. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं आमचं झालेलं. त्या दिवशी काकांनी माझी दाढी साबण लावून केली आणि हजामत बिनपाण्यानं.

हे वेड त्यांना एका विसरलेल्या पुस्तकामुळे लागलं. कोणी गिऱ्हाईक हिंदू तत्त्वज्ञानावरचं एक जाडजूड पुस्तक बाकावर ठेवून गेलं ते परत आलंच नाही. काका म्हणतात, त्याची पुस्तकाची गरज संपली असणार, म्हणजे तो पोहोचला. काकू म्हणतात, त्याला कंटाळा आला असणार. काकू दुकानाच्या मागच्या खोलीत टॉवेल धुतात, गल्ला सांभाळतात आणि दर रविवारी चर्चला जातात. काकांनी चर्च तरुणपणीच सोडलं. या विषयावर त्यांच्या संसारात फार पूर्वी तह झाला आहे. ती जाते, ते जात नाहीत, आणि जेवताना कोणी देवाचं नाव काढत नाही.

दुकानात मात्र काकांच्या तोंडाला कुलूप नसतं. गळ्याशी वस्तरा असलेल्या माणसाला वाद घालता येत नाही, ही त्यांच्या तत्त्वज्ञानाची मोठीच सोय. गिऱ्हाइकाची मान आडवी करून ते सगळे धर्म ओळीनं घेतात. ज्यूंचा देव भक्ताला भांडू देतो, हे त्यांना फार आवडतं. मुसलमानांच्या नेमाचं त्यांना कौतुक वाटतं, कारण त्यांना स्वतःला दुकानाचं कुलूप लावल्याचंही आठवत नाही. बौद्ध म्हणतात, आरशात दिसतो तो खरा नाही आणि आरशात बघतो तोही नाही, आणि इथं काका नेहमी वस्तरा उचलून विचारतात की मग दाढी कोणाची करायची. स्वतःच्या मूळ धर्माबद्दल त्यांची तक्रार एवढीच की तिथं एकच जन्म मिळतो. एकदा कात्री चुकली की गिऱ्हाईक गेलं ते गेलं. "तुमच्यात बरं आहे," ते मला म्हणतात. "केस पुन्हा वाढतात. पुन्हा या, पुन्हा बसा. घाई नाही." हे सगळं मी मोठ्या अभिमानानं ऐकून घेतो, जणू ती व्यवस्था मीच लावली आहे.

त्यांचा हातखंडा प्रयोग शेवटी असतो. केस कापून झाले की ते गिऱ्हाइकाला जमिनीकडे बघायला लावतात आणि विचारतात, "हे कुणाचे? तुझे की माझे?" गिऱ्हाईक गोंधळतं. मग काका सांगतात, आत्ता घटकेपूर्वी तू यांना माझे म्हणत होतास, तेल लावत होतास, आरशात बघून खूश होत होतास. आता मी झाडू मारणार आणि तुला काही वाटणार नाही. मग ज्याला ज्याला माझं म्हणतोस, त्याचंही असंच नाही का? एवढं बोलून ते झाडू मारतात. गिऱ्हाईक विचारात पडून उठतं आणि पुष्कळदा टोपी विसरून जातं. काकू आतून म्हणतात, "यांना सगळं जग मिथ्या आहे. टॉवेल मात्र कोरडा लागतो."

काकांना एकच मुलगी. इस्पितळात परिचारिका होती, हसरी, बापासारखीच बोलकी. तिचे केस कमरेच्या खाली जात. लहानपणापासून त्या केसांना दुसऱ्या कोणाची कात्री लागलेली नव्हती. रविवारी दुकान बंद असलं की काका तिला खुर्चीत बसवून टोकं सारखी करत. पोर लहान होती तेव्हा खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून तिला वर बसवत. ती फळी अजून आरशामागे आहे. दुसऱ्याचं मूल तिच्यावर बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

ती मुलगी एक दिवस घरी येऊन म्हणाली की मी नन होणार. तेही शाळेत किंवा दवाखान्यात काम करणारी नन नव्हे. जिथं बायका दाराआड राहून आयुष्यभर प्रार्थना करतात आणि घरच्यांना क्वचित कधीतरी जाळीतून भेटतात, अशा मठात ती जाणार होती. काकूंनी तिला जवळ घेतलं. काका उठून दुकानात आले आणि त्यांनी कोरडी खुर्ची पुसायला घेतली.

त्यानंतर दुकानात वेदान्त बंद झाला. माझी दाढी अशी मुकाट होऊ लागली की मला स्वतःचा श्वास ऐकू येई. मला वाटलं, माणसाला थोडं डिवचावं, म्हणजे मोकळा होईल. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही आमच्याकडची म्हण मी त्यांना अर्थासकट ऐकवली. वर विचारलं, काका, सगळ्या वाटा एकाच डोंगरावर जातात, असं तुम्हीच शिकवलंत ना?

त्यांनी वस्तरा पुसला. "डोंगर एकच असेल रे," ते म्हणाले. "पण मी या बाजूनं चढतोय, ती त्या बाजूनं. मध्ये अख्खा डोंगर आहे."

माझी गंमत करायची हौस तिथंच फिटली. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला कोणी सांगितलं होतं म्हणी ऐकवायला?

मुलीची एकच मागणी होती. मठात शिरताना केस कापायचे असतात, ते बाबांनी कापावेत. बाबांनी साफ नाही म्हटलं. लेक गेली तर गेली, पण त्या कामाला माझा हात लागणार नाही, असं त्यांनी काकूंमार्फत कळवलं. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर बसून. मुलीनं आग्रह केला नाही. काकूंनीही नाही. त्यांनी नवऱ्याबरोबर जन्म काढला होता. मी दाढीला बसलेलो असताना त्या टॉवेल घेऊन बाहेर आल्या आणि सहज सांगावं तसं म्हणाल्या की मठातल्या बायकांनी निरोप पाठवलाय, काळजी करू नका, इथं आम्हीच एकमेकींचे कापतो.

"कशानं?" काकांनी विचारलं.

"कात्रीनं."

"कोणत्या कात्रीनं?"

"मला काय माहीत. स्वयंपाकघरातली असेल एखादी."

काकांचा चेहरा मला आरशात दिसत होता. देवानं मुलगी नेली, हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण तिच्या डोक्याला भाजीची कात्री लागणार, हे त्यांना गिळता येईना. डोक्यावर कायम कापड असणार, मागची बाजू कोणाला दिसणारही नाही, असं मी सुचवून पाहिलं. "मला माहीत असेल ना," ते म्हणाले. माझा एक गाल तसाच साबणाचा ठेवून ते आत गेले आणि ठेवणीतली कात्री परजायला बसले.

ठरल्या दिवशी त्यांनी दारावर बंदची पाटी उलटवली. काकूंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. तू बस, म्हणाल्या, तुझ्यासमोर ते रडणार नाहीत. मी बाकावर बसलो. मुलगी खुर्चीत बसली, तिनं पाठ सरळ केली आणि डोळे मिटले. काकांनी तिची वेणी सोडली, केस विंचरले, खूप वेळ विंचरले. मग कात्री चालू झाली. इतकं नेटकं काम मी त्यांच्या हातून पाहिलेलं नाही. मानेवर वस्तरा फिरवला, कानामागे ब्रशानं झटकलं, आणि दर गिऱ्हाइकाला दाखवतात तसा हातातला आरसा मागे धरून तिला तिची मान दाखवली.

"छान झालेत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. काका नेहमीप्रमाणे झाडू घेऊन आले. आणि तिथं, खुर्चीच्या पायाशी, त्या केसांच्या ढिगापुढे थांबले. झाडू काही पुढे जाईना. मला खूप वाईट वाटत होतं आणि कुठं बघावं ते कळत नव्हतं.

मुलीनं खाली पाहिलं, मग बापाकडे. लहानपणापासून ऐकलेला प्रश्न तिनं हळूच विचारला. "बाबा, आता हे कुणाचे? तुमचे की माझे?"

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. गुडघ्यांवर हात देत खाली बसले आणि केस ओंजळीनं गोळा करू लागले.

"माझे," ते म्हणाले.

काकू आतून आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर कोरडा टॉवेल ठेवला.